‘चावी हरवलीय, काकू’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या आणि बँकेत नोकरी करणाऱ्या ४६ वर्षांच्या एका ताईंनी हे लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एका मंगळवारी संध्याकाळी सव्वासातच्या सुमाराला भाजी घेऊन परतताना त्यांना एका क्लासच्या इमारतीबाहेर एक मुलगा दगडाने सायकलचं कुलूप फोडताना दिसला. सतरा-अठरा वर्षांचा असेल. कपडे मळके होते आणि ‘जवळच्या वस्तीतला वाटला’. ताई थबकल्या. त्याने मान वर केली आणि म्हणाला, ‘चावी हरवलीय, काकू.’ ताई काही न बोलता पुढे निघाल्या. रस्त्यावर आठ-दहा माणसं तरी होती, पण थांबलं कुणीच नाही. शनिवारी त्याच ठिकाणी विजेच्या खांबावर एक कागद दिसला. सातवीतल्या मुलीची निळी गिअरची सायकल चोरीला गेली आहे, कुणाला काही माहीत असल्यास कळवावं, असं त्यावर लिहिलं होतं आणि खाली फोन नंबर होता. ताईंनी पाहिलेली सायकल निळी होती की काळी, हे त्यांना नक्की आठवत नाही. यजमान म्हणतात, ‘नसत्या भानगडीत पडू नकोस, पोलीस स्टेशनच्या चकरा कोण मारणार?’ ताई विचारतात, ‘मी तेव्हा ओरडायला हवं होतं का? पण माझी खात्री कुठे होती? आणि आता बोलून काही उपयोग आहे का?’

प्रिय ताई,

तुमचं पत्र आलं त्याच रात्री मी तुम्हाला दोन ओळी लिहिल्या होत्या. आधी त्या नंबरवर फोन करा, बाकीचं सावकाश बोलू. त्यावर तुमचं उत्तर आलं, ‘हिंमत होत नाहीये.’ म्हणून आता सविस्तर लिहिते आहे. तुमच्यासारखंच काहीतरी पाहून पुढे निघून गेलेले आणि नंतर अंथरुणावर पडल्या पडल्या तेच आठवणारे बरेच जण हे सदर वाचतात, हे मला त्यांच्या पत्रांवरून माहीत आहे.

तुम्ही विचारलंत, ओरडायला हवं होतं का? मला तो प्रश्नच जरा बाजूला ठेवावासा वाटतो. तुमच्या मनात त्या संध्याकाळी दोनच वाटा होत्या. एक तर ‘चोर, चोर’ म्हणून ओरडायचं, नाहीतर गुपचूप घरी जायचं. ओरडायला खात्री लागते. ती नव्हती, म्हणून तुम्ही घरी गेलात. पण या दोन्हींच्या मधे एक साधी गोष्ट होती, तिला खात्रीची गरजच नव्हती. ती म्हणजे विचारणं.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. माझी सायकल स्टेशनबाहेर लावलेली होती आणि चावी प्रवासात कुठेतरी पडली. रात्रीचे साडेआठ झाले होते, मी थकून गेले होते. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला म्हटलं, एवढं कुलूप तोडून द्या. त्याने हातातली ट्यूब खाली ठेवली नाही. म्हणाला, ‘ताई, सायकल तुमचीच कशावरून?’ मला संताप आला. माझ्याकडे बघून मी चोर वाटते का, असंही मी बोलून गेले. तो शांतच होता. म्हणाला, ‘सायकलवरची एखादी खूण सांगा, इथूनच.’ मी सांगितलं की सीट मागच्या बाजूला फाटलीय, तिला चिकटपट्टी लावलीय आणि घंटीचं झाकण नाही. तो उठला, जाऊन बघून आला आणि पाच मिनिटांत करवतीच्या पात्याने कुलूप कापून दिलं. पैसे देताना माझा चेहरा अजून फुगलेलाच असणार, कारण तो म्हणाला, ‘उद्या तुमची सायकल दुसरा कुणी घेऊन आला, तरी मी असंच विचारीन.’

त्या माणसाने माझ्यावर आरोप केला नव्हता. मला पकडलं नव्हतं, आरडाओरडा केला नव्हता. त्याने एक प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून घेतलं. मी खरी मालक होते, त्यामुळे माझं नुकसान झालं ते चार मिनिटांचं. मी चोर असते तर तिथून निघून गेले असते. दोन्हीकडून बघितलं तरी त्याचं विचारणं योग्यच ठरतं. म्हणून म्हणते, समोरचा चोर आहे की नाही हे ठरवायचं ओझं तुम्ही स्वतःवर घेऊ नका. ते काम पोलिसांचं आणि कोर्टाचं आहे. आपण फक्त दखल घ्यायची.

‘कुलूप अडकलंय का रे? मदत हवी का?’ असं म्हणता आलं असतं. ‘कुठल्या बिल्डिंगमधला तू?’ किंवा ‘थांब, वॉचमनकडे पक्कड असेल, त्यालाच बोलावते,’ असंही. यातलं एकही वाक्य निरपराध मुलाला लागलं नसतं. उलट चावी खरंच हरवलेल्या पोराला बरंच वाटलं असतं. आणि सायकल त्याची नसती तर ‘वॉचमन’ हा शब्द पुरेसा होता. त्या इमारतीच्या वॉचमनला कुठली सायकल कुणाची हे बऱ्याचदा ठाऊक असतं.

आता थोडं अवघड बोलते. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त अडकवलं ते ‘जवळच्या वस्तीतला वाटला’ या शब्दांनी. तुम्ही ते मुद्दाम लिहिलेलं नाही, सहज लिहून गेलात. पण स्वतःला एकदा विचारून बघा. तुम्ही नेमकं काय पाहिलं? त्याचे कपडे की त्याचे हात? दगडाने कुलूप फोडणं ही पाहिलेली गोष्ट आहे. मळका शर्ट हीसुद्धा पाहिलेली गोष्ट आहे, पण तिचा चोरीशी काही संबंध नाही. हाच मुलगा इस्त्रीच्या टी-शर्टमध्ये, पाठीला लॅपटॉपची बॅग लावून कुलूप फोडत असता, तर तुम्ही थबकला असता का? मला वाटतं, नसता. मीही नसते थबकले. आणि म्हणूनच नीटनेटका दिसणारा माणूस दुसऱ्याची सायकल भरदिवसा नेऊ शकतो.

हे मी एवढं ताणून धरते आहे त्याला कारण आहे. आपल्याकडे ‘दिसण्यावरून चोर’ ही सवय फार जुनी आहे आणि एके काळी ती कायद्यातच लिहिलेली होती. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला. त्याने पुढे कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला तर त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत होती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पारधी समाजाच्या मुलाकडे बघणारी नजर अजून पुरती रद्द झालेली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा होती आणि ही माणसं अनोळखी होती, भिक्षेकरी होती. तेवढ्यावर पाच जीव गेले. कोथरूडचा रस्ता म्हणजे राईनपाडा नव्हे, हे मला कळतं. पण संध्याकाळच्या गर्दीत मळक्या कपड्यांच्या पोराकडे बोट दाखवून ‘चोर’ म्हटलं की पुढचं आपल्या हातात राहत नाही. पहिली थप्पड कोण मारील आणि दहावी कोण, हे ओरडणाऱ्याला ठरवता येत नाही. त्यामुळे तुम्ही ओरडला नाहीत याचं मला मनापासून बरं वाटलं.

मात्र तुम्ही काहीच बोलला नाहीत, याचं वाईट वाटलं. आणि तुम्हालाही ते वाटतंय, म्हणून तर पत्र लिहिलंत.

तुम्ही एकट्या अशा वागला नाहीत. तिथे आठ-दहा जण होते आणि प्रत्येकाला वाटत होतं, काही गैर असतं तर बाकीच्यांपैकी कुणी बोललंच असतं. थॉमस मोरियार्टी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. न्यूयॉर्कजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर एक माणूस आपला रेडिओ चादरीवर ठेवून निघून जायचा आणि मग ठरल्याप्रमाणे दुसरा येऊन तो उचलायचा. शेजारी बसलेल्याशी आधी नुसतंच काहीतरी बोलणं झालेलं असेल, तेव्हा २० पैकी ४ जणांनी चोराला हटकलं. पण जाताना ‘जरा माझ्या सामानाकडे लक्ष ठेवाल का?’ असं विचारलेलं असेल, तेव्हा २० पैकी १९ जणांनी. तोच किनारा, तशीच माणसं, आणि फरक पडला तो एका वाक्याने.

ते वाक्य आपल्याला नवं नाही. ‘जरा बघा हं सायकलकडे,’ असं आपण पानवाल्याला, इस्त्रीवाल्याला, शहाळंवाल्याला कित्येकदा सांगून जायचो. हल्ली ओशाळल्यासारखं होतं म्हणून सांगत नाही. सायकल लावणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे, सांगत जा. मुलांनाही सांगायला शिकवा. दोन कुलपांपेक्षा हे वाक्य जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं, अर्थात कुलूपही हवंच. मागच्या चाकाचं पत्तीचं कुलूप तेवढं पुरत नाही, कारण सायकल उचलूनच नेता येते. फ्रेम आणि चाक दोन्ही खांबाला किंवा कठड्याला बांधलं जाईल असं यू लॉक किंवा जाड साखळी घ्या. पेडलच्या दांड्यांच्या मधे, सायकलच्या पोटाखाली फ्रेम नंबर कोरलेला असतो. सायकल आडवी करून आजच त्याचा फोटो काढा आणि दुकानाच्या बिलासोबत ठेवा. पूर्वी लोक मडगार्डवर नाव रंगवून घ्यायचे, तेही अजून चांगलंच आहे.

आता पुन्हा तसं काही दिसलं तर काय करायचं ते बोलू. दिवस असेल, वर्दळ असेल, समोरचा एकटा असेल, तर आठ-दहा पावलांवरून विचारा. अगदी जवळ जाऊ नका, कारण त्याच्या हातात दगड किंवा कटर असतो. त्याची निघून जायची वाट अडवून उभ्या राहू नका. अडकलेला माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस काहीही करतो. सोबत हवी असेल तर ‘अहो, कुणीतरी या’ असं हवेत म्हणू नका. एका माणसाकडे बघून बोला. ‘हिरव्या शर्टवाले दादा, जरा इथे थांबता का?’ असं म्हटलं की बहुतेक दादा थांबतात.

रात्र असेल, तुम्ही एकट्या असाल, किंवा समोर दोघं-तिघं असतील, तर विचारूही नका. पुढे चालत जा, उजेडात किंवा दुकानात थांबा आणि ११२ ला फोन लावा. बोलताना आधी जागा सांगा, जवळची ठळक खूण सांगा, मग तुम्ही पाहिलं तेवढंच सांगा. ‘अमुक क्लाससमोर एक मुलगा दगडाने सायकलचं कुलूप फोडतोय, सायकल त्याची आहे की नाही मला माहीत नाही.’ असं सांगायला काहीच हरकत नाही. खात्री असल्याशिवाय फोन करायचा नाही, असा नियम कुठेही नाही.

धरून ठेवण्याच्या फंदात मात्र पडू नका. सामान्य माणसाला तो अधिकार अजिबात नाही असं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कुणीही धरू शकतं आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र झाली आहे. म्हणजे जुन्या साध्या सायकलीसाठी हा अधिकारही उरत नाही. रस्त्यावर उभं राहून सायकलीची किंमत कोण ठरवणार? तेव्हा डोळे वापरा, हात वापरू नका.

याच नव्या कायद्यांतली एक गोष्ट मला आवडते, तीही सांगते. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या माणसाने ५,००० च्या आतली वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. सायकल चोरणारा पोरगा आयुष्यभराचा गुन्हेगार ठरू नये, एवढी जागा कायद्याने ठेवली आहे. आपणही ती ठेवावी. म्हणून त्याचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सावध राहा, हा चोर’ म्हणून टाकू नका. तो चोर नसेल तर तुम्ही त्याचं नाव खराब केलेलं असेल. तो असेल आणि अठराच्या आतला असेल, तर त्याची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याची बंदी आहे. फोटो काढलाच असेल तर पोलिसांना द्या आणि तिथेच थांबा.

आणि कधी कुणी पकडला गेला, माणसं जमली, हात उगारले गेले, तर मात्र मोठ्याने बोला. ‘मारू नका, पोलिसांना फोन केलाय,’ एवढं एका बाईने खणखणीत म्हटलं तरी पुष्कळ हात खाली येतात. ओरडायचीच वेळ असेल तर ती ही.

आता तुमचा फोन. तुम्हाला वाटतंय की आठवडा झाला, सायकलचा रंगही नक्की आठवत नाही, मग सांगायचं काय? तुमच्याकडे काय आहे ते तुम्हाला कळलेलं नाही, ताई. तुमच्याकडे वेळ आहे. त्या मुलीला कदाचित एवढंच माहीत असेल की क्लासला जाताना सायकल लावली आणि बाहेर आल्यावर ती नव्हती. मधले दोन-अडीच तास. समोरच्या मेडिकलवाल्याकडे किंवा इमारतीत कॅमेरा असेल, पण अडीच तासांचं चित्रण कोण बघत बसणार? ‘मंगळवार, सव्वासात’ एवढं कळलं की दहा मिनिटांचं बघायचं. आणि कॅमेऱ्यातलं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. मी त्या रात्री घाईने लिहिलं ते यासाठी.

फोनवर पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवा. उंची, शर्टाचा रंग, हातातला दगड, त्याने तुम्हाला जे म्हटलं ते वाक्य, हे सगळं सांगा. सायकलचा रंग नक्की आठवत नाही, हेही सांगा. त्याला ती नेताना पाहिलं नाही, हे आवर्जून सांगा. तुमच्या पत्रात तसं कुठेही नाही, तुम्ही फक्त कुलूप फोडताना पाहिलंत. कदाचित ती सायकल दुसरीच असेल आणि त्या पोराची चावी खरंच हरवली असेल. ‘वस्तीतला वाटला’ हे मात्र सांगू नका. ते तुम्ही पाहिलेलं नाही, आणि त्या एका शब्दावरून कुणाच्या तरी दारात चौकशी जाईल.

यजमानांची काळजी खोटी नाही. पोलीस स्टेशनच्या चकरांची भीती आपल्या सगळ्यांच्याच मनात आहे. त्यांना एवढं सांगा की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे साक्षीदार बाईला जबाबासाठी पोलीस स्टेशनला बोलावण्याची सक्ती करता येत नाही, तिचं म्हणणं तिच्या घरी येऊन घ्यायचं असतं. पंधरा वर्षांखालच्या आणि साठ वर्षांवरच्या पुरुषांनाही हीच सवलत आहे. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या अशा जबाबावर साक्षीदाराची सहीसुद्धा घ्यायची नसते. आणि त्या घरच्या लोकांनी तक्रार दिली असेल तरच हे सगळं. गिअरची सायकल ५,००० च्या वरची असण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा नुसती ‘गहाळ’ म्हणून नोंद झाली असेल तर बिल दाखवून चोरीचा गुन्हा नोंदवायचा आग्रह धरा, हेही तुम्ही त्यांना सुचवू शकता.

राहता राहिली हिंमत. मला वाटतं तुम्हाला पोलिसांपेक्षा त्या मुलीच्या आईवडिलांची भीती वाटते आहे. ‘तुम्ही बघितलंत आणि काही बोलला नाहीत?’ असं ते विचारतील. विचारतील बहुधा. त्यावर कारणं देऊ नका. ‘हो, बोलायला हवं होतं, चुकलं माझं,’ म्हणा. थोडा वेळ ऐकून घ्यावं लागेल, ते ऐकून घ्या. कोपऱ्यात सायकल नाही म्हणून रोज चालत क्लासला जाणाऱ्या मुलीच्या घरातला तो राग आहे, आणि त्यांचा तो हक्कच आहे.

सुरुवात कशी करायची ते सुचत नसेल तर ही दोन वाक्यं कागदावर लिहून समोर ठेवा. ‘नमस्कार, तुमच्या मुलीच्या सायकलबद्दल बोलायचं होतं. मंगळवारी सव्वासातला मी तिथे होते.’ पुढचं ते विचारतील.